वेडा राघू वेडा नाही

गेल्या वर्षीच्या एप्रिलची गोष्ट. सकाळची शाळा सुटली होती. वाशिम जिल्ह्यातल्या आमच्या गावी उर्दू शाळेच्या मागून एक नाला वाहतो. वाहतो म्हणायचे ते पावसाळ्यापुरते. एप्रिलमध्ये तो कोरडा ठण्ण असतो आणि त्याच्या काठाची मातीची दरड उघडी पडते. सहावीची पाच-सहा मुले त्या दरडीजवळ घोळका करून उभी होती. आम्हाला वाटले साप निघाला. जवळ गेलो तर सगळे जण वर विजेच्या तारेकडे पाहत होते.

तारेवर एक हिरवा, सडपातळ पक्षी बसला होता. शेपटीतून दोन बारीक काड्यांसारखी पिसे बाहेर आलेली, डोळ्यावर काळी रेघ, चोचीत एक चतुर. आपल्याकडे याला 'वेडा राघू' म्हणतात. तारेवरून झेप घ्यायची, हवेतच किडा टिपायचा आणि पुन्हा त्याच जागी येऊन बसायचे, असे दिवसभर चालते. बहुधा म्हणूनच बिचाऱ्याला वेडा ठरवले असावे.

दरडीत हाताच्या मुठीएवढे एक बीळ होते. ते त्याचे घरटे. पिलांसाठी घास घेऊन तो आला होता, पण आत जात नव्हता. तारेवर बसून मान इकडे-तिकडे करत होता. आम्ही मुलांना म्हणालो, "बघा, किती भित्रा आहे. घास तोंडात धरून बसलाय."

घोळक्याच्या मागून एक आवाज आला. "सर, आप हटो. आप को बिल दिखता है ना, इसलिए वो नहीं जाता."

बोलणारा मुलगा आमच्या वर्गातला. वर्गात तोंड न उघडणारा. त्याने आमचा हात धरला नाही, पण जवळजवळ ढकलतच आम्हाला बाभळीच्या झाडामागे नेले. तिथून बीळ दिसत नव्हते, झाडाच्या बुंध्याआड गेले होते. अंतर मात्र तेवढेच होते. मुले आमच्याबरोबर तिथे येऊन उभी राहिली. अर्ध्या मिनिटात राघू खाली झेपावला, बिळात शिरला आणि रिकाम्या चोचीने बाहेर आला.

"रोज असंच करतो," तो मुलगा म्हणाला. आम्ही हसलो, शाबासकी दिली आणि घरी आलो. त्या मुलाने किती मोठी गोष्ट सांगितली होती, हे आम्हाला कळायला पुढचे दोन महिने लागले.

पुण्याचा प्रयोग

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमचा भाचा पुण्याहून आला. तो तिथे बी.एस्सी. करतो. जेवताना आम्ही राघूचा किस्सा सांगितला, तर तो घास हातात तसाच ठेवून म्हणाला, "मामू, यावर तर पुण्यात प्रयोग झालाय! मिलिंद वाटवे सरांचा."

मिलिंद वाटवे हे पुण्याचे जीवशास्त्रज्ञ. पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयात त्यांनी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले. पुढे ते पुण्याच्या आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत प्राध्यापक झाले आणि नंतर ती नोकरी सोडून स्वतंत्रपणे काम करू लागले. प्रयोग करणारा माणूस बहुधा इंग्रजीत शोधनिबंध लिहितो आणि थांबतो. वाटवे तिथे थांबले नाहीत. प्राण्यांचे वागणे, मेंदू, आजार, शेती, जंगल या विषयांवर ते सर्वसामान्य वाचकासाठी लिहीत आले आहेत, मराठीतही. जंगलातल्या अनुभवांवरचे त्यांचे 'आरण्यक' हे मराठी पुस्तक वाचकांना ठाऊक आहे.

1999 मध्ये 'करंट सायन्स' या भारतीय संशोधन-पत्रिकेत त्यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक छोटा निबंध आला. प्रश्न असा होता की समोरच्याच्या मनात काय आहे, हे वेड्या राघूला ओळखता येते का? 2002 मध्ये त्याच कामाचा पुढचा भाग 'अॅनिमल कॉग्निशन' या जागतिक पत्रिकेत आला.

प्रयोग ऐकला तर कोणालाही वाटेल, हे तर आपणही केले असते. राघूचे घरटे म्हणजे मातीच्या दरडीत किंवा वाळूच्या ढिगात खणलेला आडवा बोगदा. आत अंडी, मग पिले. घरट्याजवळ माणूस, कुत्रा किंवा कोणी धोक्याचे दिसले की राघू आत शिरत नाही, कारण तो शिरला तर घरटे कुठे आहे हे शत्रूला कळणार. इथवर तर साधे आहे. माणूस जवळ आला, पक्षी घाबरला.

पण तो माणसाच्या जवळ असण्याला घाबरतो, की माणसाच्या बघण्याला? हे वेगळे करायचे कसे? त्यांनी घरट्यापासून सारख्याच अंतरावरच्या दोन जागा निवडल्या. एका जागेवरून बीळ दिसते. दुसऱ्या जागेवरून मध्ये आडोसा येतो आणि बीळ दिसत नाही. दोन्ही जागी उभा असलेला माणूस राघूला मात्र स्पष्ट दिसतो. जर राघू फक्त जवळ असण्याला घाबरत असेल, तर दोन्ही वेळी सारखाच घाबरायला हवा.

तसे झाले नाही. माणसाला बीळ दिसत असेल तेव्हा राघू आत जायला कचरत होता. माणसाला बीळ दिसत नसेल तेव्हा तो जास्त बिनधास्तपणे आत जात होता. म्हणजे तारेवर बसलेला हा पक्षी स्वतःला काय दिसते एवढेच पाहत नव्हता. त्या माणसाला त्याच्या जागेवरून काय दिसत असेल, याचाही हिशेब करत होता.

या राघूचे वजन असते पंधरा ते वीस ग्रॅम. पाच रुपयांच्या दोन-तीन नाण्यांएवढे. त्यात मेंदू तो किती!

भाच्याने हे सांगितले तेव्हा आमच्यासमोर बाभळीचे झाड उभे राहिले. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी जे मोजून सिद्ध केले, ते आमच्या वर्गातल्या अकरा वर्षांच्या पोराने नाल्याकाठी उभे राहून एकट्याने ओळखले होते. त्याच्याकडे ना दुर्बीण होती, ना वही.

एवढ्याशा डोक्यात एवढे कसे मावते?

आमच्या अम्मीला या सगळ्याचे काही विशेष वाटले नाही. ती म्हणाली, "काबीलला भावाची मय्यत कशी दफन करायची हे कावळ्यानेच दाखवलं ना? आणि हुदहुदने सुलेमान अलैहिस्सलाम यांना खबर आणून दिली. पाखरांना अक्कल असते, हे आम्ही लहानपणापासून ऐकलंय." अम्मीचे खरे आहे. आपल्या घरांत हे किस्से झोपताना सांगितले जातात. पण त्या किस्स्यांतून आपण इबरत घेतो. पाखराची अक्कल नेमकी कशी चालते आणि कुठवर चालते, हे शोधायचे असेल तर नाल्याकाठी तासन् तास उभे राहावे लागते.

विज्ञानाचे मतही फार काळ अम्मीच्या उलट होते. पक्ष्याचा मेंदू छोटा, त्यावर माणसाच्या मेंदूसारख्या वळ्याही नाहीत, म्हणून पक्षी म्हणजे चावी दिलेले खेळणे, असे मानले जाई. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हे मत बदलले. ब्राझीलच्या शास्त्रज्ञ सुझाना हर्कुलानो-हूझेल यांनी मेंदूतल्या पेशी मोजण्याची नवी पद्धत काढली. माणसाच्या मेंदूत चेतापेशी 100 अब्ज असतात असे पुस्तकांत छापलेले असे. त्यांच्या मोजणीत आकडा आला सुमारे 86 अब्ज. त्याच पद्धतीने 2016 मध्ये पक्ष्यांच्या 28 जातींचे मेंदू मोजले गेले. गाणारे पक्षी आणि पोपट यांच्या मेंदूत, तेवढ्याच वजनाच्या माकडाच्या मेंदूपेक्षा सरासरी दुप्पट चेतापेशी निघाल्या. पेशी लहान आणि दाटीने बसवलेल्या. जसे एखाद्या घरात दोन खोल्यांत दहा माणसे नीटनेटकी राहतात आणि दुसरीकडे बंगल्यात चौघेच, तसे. बंगला मोठा दिसतो, पण माणसे कुठे जास्त हे बाहेरून कळत नाही.

त्या मोजणीत वेडा राघू नव्हता, पण धडा त्यालाही लागू आहे. डोके केवढे आहे यावरून आत काय चालले आहे हे ठरवू नये. बी.एड.च्या पुस्तकात आम्ही हे वाचले असते तर 'महत्त्वाचे' म्हणून खाली रेघ मारली असती आणि विसरून गेलो असतो.

हान्स नावाचा घोडा

प्राण्यांच्या हुशारीचे किस्से मोबाईलवर रोज येतात. हत्ती चित्र काढतो, कुत्रा नमस्कार करतो, मांजर बोलते. त्यातले बरेच नुसते शिकवलेले खेळ असतात. म्हणून एक जुनी गोष्ट मुलांना जरूर सांगावी.

शंभरेक वर्षांपूर्वी जर्मनीत बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा होता. त्याचा मालक फोन ऑस्टेन हा गणिताचा जुना मास्तर. तो घोड्याला बेरीज विचारायचा आणि घोडा तेवढ्या वेळा खूर आपटून बरोबर उत्तर द्यायचा. लोक थक्क. 1907 मध्ये ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने याचा छडा लावला. प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःलाच उत्तर माहीत नसेल, किंवा विचारणारा घोड्याला दिसत नसेल, तर घोडा चुकायचा. घोड्याला गणित येत नव्हते. बरोबर आकड्यापाशी आला की समोरच्या माणसाचे डोके, खांदे नकळत किंचित हलायचे आणि ते पाहून घोडा थांबायचा. मालक लबाड नव्हता. त्यालाही हे ठाऊक नव्हते.

वाटव्यांच्या प्रयोगात अंतर सारखे ठेवण्याची काळजी का घेतली, हे हान्सच्या गोष्टीवरून कळते. आणि तरीही राघू आपल्यासारखाच 'याला माहीत आहे, त्याला माहीत नाही' असा विचार करतो, की फक्त नजरेची सरळ रेघ कुठे पोहोचते तेवढे ओळखतो, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. समोरच्यालाही मन असते, त्याला काही माहीत असते आणि काही नसते, ही जाण चिंपांझीला आहे का, असा प्रश्न 1978 मध्ये प्रेमॅक आणि वुड्रफ या अमेरिकन शास्त्रज्ञांनी विचारला. तेव्हापासून माकडे, कावळे, कुत्रे, पोपट या सर्वांवर हा वाद चालू आहे. वाद चालू असणे हे विज्ञानाच्या प्रकृतीचे लक्षण आहे, आजाराचे नव्हे.

रोही आणि पंचनामा

'त्याच्या जागेवरून काय दिसते' हा प्रश्न वाटवे यांनी पाखरापुरता ठेवला नाही. आपल्या विदर्भातल्या शेतकऱ्यासाठीही तो विचारला.

आमचे मोठे मामू कारंज्याकडे शेती करतात. तिथून कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य फार लांब नाही. काळवीट देखणे जनावर आहे, पाहायला लोक मुद्दाम येतात. पण मामूंच्या तुरीत रात्री रोह्यांचा कळप शिरला की सकाळी उरते ते तुडवलेले रान. मामू कडाक्याच्या थंडीत मचाणावर झोपतात, डबा वाजवतात. पंचनाम्याला कोणी आले तर धुऱ्यावरून नजर टाकतात आणि म्हणतात, पीक तर उभे दिसतेय. मामू म्हणतात, "उभं दिसतं, पण शेंडे खाल्लेल्या झाडाला शेंग किती धरेल, हे धुऱ्यावरून थोडंच दिसतं?"

चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या पश्चिम सीमेवरच्या शेतांत वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके हेच मोजले. चार वेगवेगळ्या पद्धतींनी. 2016 मध्ये 'प्लॉस वन' या पत्रिकेत त्याचे निष्कर्ष आले. जंगलाला लागून असलेल्या शेतांत नुकसान निम्म्याहून अधिक होते आणि जंगलापासून दूर जावे तसे ते कमी होत जाते. त्याहून मोठी गोष्ट अशी की नुसते डोळ्यांनी पाहून नुकसान ठरवण्याच्या सरकारी पद्धतीचा खऱ्या नुकसानीशी मेळच बसत नव्हता. ती पद्धत नुकसान फारच कमी दाखवत होती.

हे आम्ही मामूंना फोनवर वाचून दाखवले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे आम्ही खोटं बोलत नव्हतो, हे पुण्याच्या माणसाने लिहिलंय?" आम्ही हो म्हणालो. ते म्हणाले, "तो कागद मला पाठव."

मेंदूबद्दलचे त्यांचे आणखी एक काम आपल्या घरांशी जोडलेले आहे, कारण साखरेचा आजार नाही असे घर आता क्वचितच सापडते. 2013 मध्ये त्यांचे मधुमेहावरचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात त्यांचे म्हणणे असे की टाइप-2 मधुमेहाकडे नुसते खाणे आणि लठ्ठपणा एवढ्याच अंगाने पाहू नये. माणसाचे शरीर आणि मेंदू धावणे, झुंजणे, शिकार करणे अशा जगण्यात घडले. आता आपण बसून, बोलून, डोके चालवून जगतो. वागण्यातला हा बदल मेंदूमार्फत शरीराच्या रसायनात उतरतो. हा विचार वैद्यकात सर्वमान्य झालेला नाही, त्यामुळे तो वाचून कोणी डॉक्टरांची गोळी बंद करू नये. पण अंगमेहनत आणि मैदानी खेळ घरातून हद्दपार करू नयेत, एवढे तर त्यातून घेता येईल. आमच्या घरी संध्याकाळचे बॅडमिंटन त्यामुळेच पुन्हा सुरू झाले.

फळ्यावरची चकाकी

आता त्या मुलाकडे येऊ. खरे तर हा लेख त्याच्यासाठीच लिहायला घेतला.

आम्ही उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवतो. घरी उर्दू, गल्लीत वऱ्हाडी आणि पुस्तकात तिसरीच प्रमाण मराठी, अशी मुलांची तारांबळ असते. आमचा तास मोठ्या सुट्टीनंतरचा. हा मुलगा सकाळच्या गणितात ठीक होता. मराठीच्या तासाला मात्र वही कोरी. फळ्यावरचे उतरवून घ्यायला सांगितले की शेजारच्याच्या वहीत डोकवायचा. आम्ही त्याला रागावलो, उभे केले, एकदा वर्गाबाहेरही काढले. दिवाळीनंतर त्याच्या वडिलांना बोलावून सांगितले, "याचं मराठीत डोकं चालत नाही. लक्षच नसतं." वडील वेल्डिंगच्या दुकानात कामाला आहेत. मान खाली घालून ऐकून गेले.

भाच्याने प्रयोग सांगितला त्या रात्री आम्हाला नीट झोप लागली नाही. बी.एड.ला असताना पियाजे नावाच्या स्वित्झर्लंडच्या मानसशास्त्रज्ञाचा 'तीन डोंगर' प्रयोग आम्ही पाठ केला होता. टेबलावर तीन डोंगरांचा देखावा मांडतात. समोरच्या बाजूला एक बाहुली बसवतात आणि मुलाला विचारतात, बाहुलीला काय दिसत असेल? लहान मूल स्वतःला जे दिसते तेच सांगते. बाहुलीच्या जागेवरून देखावा वेगळा दिसतो, हे त्याला मोठे होता होता कळते. परीक्षेत या प्रश्नावर आम्हाला चांगले गुण मिळाले होते. त्यानंतर इतकी वर्षे रोज फळ्यापाशी उभे राहूनही आम्ही एकदाही विचारले नव्हते की त्या कोपऱ्यातल्या बाकावरून काय दिसत असेल.

जूनअखेर शाळा उघडायच्या आदल्या दिवशी आम्ही साफसफाईला गेलो. दुपारची वेळ, पाऊस उघडलेला. फळ्यावर एक वाक्य लिहिले आणि त्या मुलाच्या जागेवर, डावीकडच्या रांगेत मागून दुसऱ्या बाकावर जाऊन बसलो.

फळ्यावर काही नव्हते. नुसती पांढरी चकाकी होती.

झाले असे होते की आदल्या वर्षी फळा खराब झाला म्हणून त्याला ऑइलपेंट मारला होता. पेंट चकचकीत. पश्चिमेची खिडकी उघडी. दुपारी खिडकीतला उजेड फळ्यावर पडून बरोबर त्या कोपऱ्याकडे परतत होता. सकाळी असे होत नसे, म्हणून गणिताच्या तासाला सगळे ठीक होते. आम्ही उभे राहायचो तिथून फळा काळा कुळकुळीत आणि अक्षरे ठसठशीत दिसत होती. आम्हाला दिसते म्हणजे सर्वांना दिसते, असे आम्ही धरून चाललो होतो.

त्याने सांगितले का नाही, असे कोणी विचारेल. त्याला वाटत होते सर्वांना असेच दिसते आणि बाकीचे हुशार आहेत म्हणून वाचतात. हे त्याने नंतर आम्हाला सांगितले.

त्याच संध्याकाळी असरनंतर त्यांच्या घरी गेलो. मुलगा घरी नव्हता. वडील म्हणाले, "सर, त्याला दुकानात लावलाय. सुट्टीत हात बसलाय त्याचा. आता शाळेत पाठवून काय करायचं? तुम्हीच म्हणाला होता ना, डोकं चालत नाही."

शिक्षकाच्या तोंडून निघालेला एक शब्द आठ महिने त्या घरात मुक्कामाला होता.

आम्ही म्हणालो, "भाईजान, डोकं आमचं चालत नव्हतं." आणि फळ्याची, बाकाची सगळी हकीकत सांगितली. वडिलांना लवकर पटेना. शिक्षक चूक कबूल करायला घरी येतो, याची त्यांना सवय नसावी. पडद्याआडून मुलाची आई बोलली, "मी म्हणत होते यांना. हा बाजारात दुकानांच्या सगळ्या मराठी पाट्या वाचून दाखवतो. मग शाळेतच कसं वाचता येत नाही?" तिने ओळखले होते. तिला कोणी विचारले नव्हते.

वडिलांनी आठ दिवसांची मुदत मागितली. दुकानाच्या मालकाला सांगावे लागणार होते, आणि सुट्टीत मिळणारे पैसेही बंद होणार होते. नवव्या दिवशी मुलगा सातवीच्या वर्गात आला. तोवर आम्ही फळ्याचा जुना पेंट घासून काढून त्यावर बिनचकाकीचा काळा रंग मारून घेतला होता. सगळे झटपट सुधारले असे नाही. अजूनही तो 'ती झाड' आणि 'तो फांदी' लिहितो. पण वही कोरी नसते. आणि मधल्या सुट्टीत मुले त्याला घेऊन नाल्याकडे जातात, कारण कोणते पाखरू कुठे बसते हे त्यालाच ठाऊक असते.

घरी करून पाहण्यासारखे

वाटव्यांच्या कामातले आम्हाला सर्वांत आवडले ते हे की त्याला लाखोंची यंत्रे लागत नाहीत. लागतो तो एक नेमका प्रश्न आणि सबुरी. आपल्या मुलांनाही हे जमेल.

मार्च ते जून हा वेड्या राघूच्या विणीचा हंगाम. नाल्याची दरड, वाळूचा ढीग, विहिरीच्या खोदकामाची माती, अशा जागी बिळे दिसतील. बिळात हात किंवा काडी अजिबात घालू नये, फार जवळ जाऊ नये, आणि दहा-पंधरा मिनिटांहून जास्त थांबू नये, कारण तेवढा वेळ पिले उपाशी असतात. लांबूनच पाहावे. वहीत तीनच रकाने आखावेत: आपण कुठे उभे होतो, तिथून बीळ दिसत होते का, आणि राघू किती वेळाने आत गेला. एका दिवसावरून निष्कर्ष काढू नये. आठ-दहा वेळा पाहावे, आणि जे दिसले तेच लिहावे, मग ते आपल्या अंदाजाच्या उलट का असेना. मधमाशी पकडल्यावर राघू ती फांदीवर आपटतो, डंख निकामी करतो आणि मगच गिळतो, तेही पाहायला मिळेल.

दुसरा प्रयोग मोठ्यांसाठी. तुमचे मूल जिथे बसून अभ्यास करते तिथे एकदा स्वतः बसा, त्याच वेळी, त्याच दिव्याखाली. दादी किंवा नानी जिथे बसते तिथे बसून पाहा की तिला घरातले बोलणे ऐकू येते का. मुलाचे डोळे तपासून घ्या. आणि शाळेतून तक्रार आली तर मान खाली घालून परत येऊ नका. विचारा, "सर, तो बसतो कुठे?"

त्या मुलाच्या वडिलांनी हा प्रश्न विचारला असता तर एक वर्ष वाचले असते. पण तो प्रश्न आधी आम्हाला पडायला हवा होता. यंदा पहिल्या दिवशी आम्ही सातवीच्या प्रत्येक बाकावर एकेकदा बसून आलो. मुले हसली. हसू द्या. एप्रिल आला की राघू पुन्हा त्या तारेवर येईल, इन्शाअल्लाह, आणि आम्ही न सांगता बाभळीमागे जाऊन उभे राहू.